एकाच चौकटीत खूण करा

प्रश्न अकरावा: घरात काय शिजणार, हे कोण ठरवतं?
पती. पत्नी. दोघं मिळून. इतर.
एकाच चौकटीत खूण करा.

पश्चिम नेब्रास्कातल्या या गावात
धान्याच्या कोठारापेक्षा उंच काहीही नाही.
वाणसामानाचं दुकान बंद पडून तीन वर्षं झाली,
काचेला आतून कागद लावलेत
आणि बाहेर अजून पाटी: ताजी कणसं.
पालेभाजी हवी तर अडतीस मैल.
दर मंगळवारी चर्चच्या तळघरात मी टेबल मांडते,
वजनकाटा, उंचीची पट्टी, बोटाला टोचायची सुई
आणि हे फॉर्म.

जोलीन श्रोडर येते, एक कडेवर, एक बोटाशी.
मुलांची वजनं चांगली.
तिचं हिमोग्लोबिन मात्र नऊ पॉइंट चार.
"तुम्ही स्वतः काय खाता?"
"उरेल ते," म्हणते, आणि हसते.
म्हणजे पावाच्या कडा,
मॅकरोनीच्या भांड्याच्या बुडाला धरलेला थर,
सिंकपाशी, उभ्या उभ्या.
मी मनात म्हणते, खरवड.
फॉर्मवर लिहिते, अनियमित.

प्रश्न अकरावा.
ती वर खिडकीकडे बघते.
तळघराच्या खिडकीतून फक्त चाकं दिसतात,
त्याच्या पिकअपची. इंजिन चालूच.
"तोच ठरवतो," म्हणते. "त्याला मांस लागतं. बटाटा लागतो."
मग टेबलावर वाकून, हळू,
"दिराकडचा अर्धा गोऱ्हा आहे फ्रीझरमध्ये,
मेपर्यंत पुरवायचाय.
मीटलोफमध्ये निम्मी मसूर असते. फेब्रुवारीपासून.
अंडी विकते, त्या पैशातून आणते.
परवा म्हणाला, यंदाचं बीफ मऊ निघालं."

माझी आई रोज विचारायची, "आज काय करू भाजी?"
बाबा पेपराआडून म्हणायचे, "कर काहीही."
आणि एखाद्या दिवशी, जरा विचार करून, "मटकी कर."
आम्हा पोरांना नवल वाटायचं,
मटकीला मोड आले की यांना बरोबर कसं सुचतं?
ती फडक्यात बांधलेली पुरचुंडी
मोरीच्या नळालाच टांगलेली असायची,
जिथे ते सकाळी तोंड धुवायचे.

हे मी ट्विलाला सांगितलं.
ती वरच्या मजल्यावरून कॉफी आणून देते, सत्तरीची आहे.
मला वाटलं, हसेल.
ती म्हणाली, "हर्ब गेला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात
दुकानात गाडी घेऊन उभी राहिले,
आणि मला काय आवडतं तेच आठवेना.
सेहेचाळीस वर्षं, बाई.
शेवटी त्याचंच सूप घेऊन आले. मशरूमचं.
मला मशरूम सोसतही नाहीत."
कप उचलून ती जिना चढून गेली.

मग मी जोलीनला थांबवलं. ती कोटाची बटणं लावत होती.
म्हटलं, मसूर घालता ते ठीक,
पण मीटलोफ कापाल तेव्हा पहिला तुकडा तुमचा,
त्यांच्या ताटात पडायच्या आधी, बसून.
"बसून?" तिने विचारलं,
जसं काही मी अडतीस मैल चालत जायला सांगितलं.
वर हॉर्न वाजला.
बघते, म्हणाली.

तिच्या फॉर्मवर मी इतरवर खूण केली.

लिंकनच्या ऑफिसातून मेल आलाय:
इतर म्हणजे कोण? सासू? कृपया स्पष्ट करावे.
चार दिवस झाले, उत्तर दिलेलं नाही.
आज रात्री मूग भिजत घातलेत.
निरंजन लॅपटॉप मिटत विचारतो, "उद्या काय?"
"तू सांग," मी म्हणते,
आणि झोपायला जाताना
सिंकवरचा दिवा चालूच ठेवते.